प्राम सापडत नाही

जून. कुइवास्तूच्या धक्क्यावर
चारलाच उजाडलेलं.
लीवी हेल्डुरच्या जुन्या कोडमधल्या
एक्केचाळीस रिक्वायर ओळी पुसते.
काम असो-नसो,
सगळे आधीच पंगतीला बसलेले.

आता एकच ओळ:
या आडनावाचे सगळे या फोल्डरात राहतात,
हाक पडली की यायचं.

लॅपटॉपवर सगळे आले,
तिकीट, भाडं, वाऱ्याचा अंदाजसुद्धा.
सर्व्हर मात्र अडून बसला:
क्लास ‘प्राम’ सापडत नाही.
प्राम म्हणजे त्यांची फेरीबोट.
ती तर खिडकीतून दिसतेय,
अख्खी, पांढरी, भोंगा देणारी.

हेल्डुर निवृत्त, मधमाश्या पाळतो.
फोनवर म्हणाला,
‘फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर बघ.
घाईत मी धाकटं लिहायचो.
माझं यंत्र चालवून घ्यायचं.’

मी लिहितो त्या लिपीत
अक्षरांना थोरलं-धाकटं नाही.
मला हा तंटा उशिरा कळला.

तिनं अक्षर थोरलं केलं.
सहा चाळीसला दुधाची गाडी
रॅम्पवर चढली.

हेल्डुर फोन ठेवायला विसरलेला.
पलीकडे पोळ्यांची गुणगुण,
आणि तो कुत्र्याला हाक मारतोय,
एकदा, दोनदा,
मग पूर्ण नावानं.