मागची खोली

तीन आठवडे झाले, आमच्या घरात
एकच विषय, आणि तोही ओरडून.
वडगावच्या या गल्लीत आता
ज्याला त्याला माहीत आहे
की परशरामाला परसात खोली काढायची आहे, दहा बाय बारा,
आणि ती काचेची कशाला
हे त्याच्या बायकोला कळत नाही.

ओरडून, कारण तेहतीस वर्षं
दोन पॉवरलूम आमच्या पाठीशी खडखडत होते.
ते भंगारात गेले, किलोवर,
एक टेम्पो, दोन खेपा.
आवाज तेवढा यांच्या कानात राहिला,
त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

शेडच्या फरशीवर अजून बोल्टांची आठ भोकं आहेत
आणि तेलाचा एक डाग,
सोड्याला, चुन्याला, चिंचेला न बधलेला.
माग गेले, मागची खोली राहिली,
असं हे म्हणतात आणि स्वतःच हसतात.
नकाशा आला तेव्हा मी आधी तो डाग शोधला.
नकाशात डाग नव्हता.
नकाशात सगळं कन्नडमध्ये होतं,
हुद्दारांच्या इंजिनिअर सुनेनं बोट ठेवून वाचून दाखवलं:
इथं दार, इथं खिडकी,
आणि इथं हद्दीपासून तीन फूट सोडायचं.
कुणासाठी? मी विचारलं.
"कुणासाठीच नाही, काकू. सोडायचं असतं."

फकीरप्पा गवंडी आला.
मोजणी इंचात, हिशेब कन्नडमध्ये,
चहा मराठीत, साखर जास्त.
त्यानं फक्कीच्या रेघा मारल्या
धुण्याच्या दगडाला वळसा घालून.
दगड हलणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय.
"गाजिन कोणे!" तो म्हणाला आणि मान हलवली,
"उन्हाळ्यात आत भाकरी भाजंल, वैनी."
मलाही तेच म्हणायचं होतं.

मग खोली आटू लागली.
बाराची दहा झाली सळीच्या भावानं,
दहाची आठ झाली शेवग्यामुळं.
शेवगा पलीकडच्या सावक्कांचा, सावली आमची,
शेंगा ज्याचा हात पोचेल त्याच्या.
रेणुका हुबळीहून फोनवर म्हणाली,
त्यापेक्षा वर मजला चढवा, भाड्यानं जाईल.
मी म्हटलं, जाळी मारू, पत्रा टाकू,
माझं शिलाई मशीन बसेल,
पिको-फॉलचं गिऱ्हाईक बोळातून येईल.
हे कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडत होते,
विटा, वाळू, मजुरी, पुन्हा विटा.
दर वेळी सगळं खोडायचे
आणि काच तेवढी ठेवायचे.

काल जेवणं झाल्यावर मी कानाशी जाऊन ओरडले,
"पण काच कशाला?"
हे उठले नाहीत, हातवारे केले नाहीत.
किती वर्षांनी हळू आवाजात बोलले,
इतकं हळू, की मलाच वाकावं लागलं.

"श्रावणात तू पडलीस नव्हं, दगडापाशी.
हाका मारूलालतीस म्हणं.
सावक्का आल्या, त्यांनी उचललं.
मी हितं आठ फुटावर
पेपर वाचूलालतो."

ताटातला भाताचा कण बोटानं टिपला. मग म्हणाले,
"ऐकू येत नाही. निदान दिसू दे की."

ताटं मी तशीच ठेवली रात्रभर,
हे माझ्या हातून कधी होत नाही.

सकाळी फकीरप्पाला सांगितलं,
आठ बाय आठ चालेल,
वर पत्रा चालेल, डागावर नवी फरशी नको,
दगडाकडची बाजू मात्र
खालपासून वरपर्यंत काच.
"आयतु," तो म्हणाला. "आणि ऊन?"

उन्हाला पडदा शिवीन, मी म्हटलं.
हे म्हणतात, पडदाच लावायचा तर काच कशाला.
मी म्हणते, दुपारी ओढायचा, संध्याकाळी सारायचा.
हे म्हणतात, दुपारी पडलीस तर?
गल्ली ऐकतेय.