कायमचा पत्ता

सोमवारी तिघं नवीन आले.
हिंगोलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात
खुर्च्या चारच, म्हणून मी स्टुलावर बसले
अकरा वर्षांच्या घरकुलांचा हिशेब मांडीवर घेऊन.

घोणसीकर, इंजिनिअर. आल्या आल्या
छताकडं बघितलं, तुळईजवळची चीर
बोटानं हवेत गिरवली,
मग नाव सांगितलं.

तहसीन बागवान, सर्वेक्षणाला.
तिनं विचारलं, बायकांची मोरी कुठंय?
म्हटलं, वस्तीत गेल्यावर हेच आधी विचार,
बाकीचा फॉर्म आपोआप भरतो.

तिसरा परमेश्वर. बांधकामावर देखरेख.
चहा होईपर्यंत गप्प.
दाराला लावलेली वीट उचलली,
टिचकी मारली, कानाशी नेली.
“कडंच्या थरातली हाय मॅडम, आच पोचली न्हाई हिला.”
कुठं शिकलास?
“शिकायला कशाला जावं लागतंय, भट्टीवरच जल्मलो.”

रुजू व्हायचा फॉर्म भरताना
दोघांचे पेन भरभर चालले.
त्याचा एका रकान्यावर अडला.
दर सालाला भट्टी वेगळी:
औंढा, वसमत, एकदा तर पार निझामाबाद.
त्यातलं कायमचं कुठलं लिहावं?

ऑफिसचाच टाक सध्या, मी म्हटलं.
टाकला त्यानं, ठळक अक्षरात,
पिनकोडसकट.

एवढंच सांगायचं राहिलं
की मालक मार्चपासून भाडं वाढवतोय
आणि आम्हीपण
खोल्या बघायलोत.