मुद्दा क्रमांक दोन

साखर पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे.
लग्नपत्रिका: मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू.
मुहूर्त नसले की अर्ज, निवेदनं, दहाव्याची कार्डं.
अशाच एका मंद दुपारी रामुलू गड्डम आले,
काखेत टॉवेलाचा नमुना.
"परराष्ट्र मंत्रालयाला पत्र लिहायचंय," म्हणाले,
कुणी म्हणावं तसं, वीजबिल दुरुस्त करायचंय.

मागे सहा जण उभे. समितीचं नाव
स्क्रीनच्या रुंदीत बसेना:
सोलापूर जिल्हा निर्बंध-सवलत व आश्रय कृती समिती.
फाँट चौदावरून अकरावर आणला.

मुद्दा एक.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
चाळीस हजार टॉवेल पडून आहेत, निळ्या काठाचे,
त्या देशातल्या हमामखान्यांसाठी विणलेले.
ओलं अंग पुसायचं कापड,
पण बँक म्हणते, तिकडचा पैसा घेता येत नाही.
कुणी ठरवलं? बँक वर बोट दाखवते.
वर कोण? आणखी वरची बँक.
रामुलूंचा माग दिवाळीपासून
आठवड्यातून तीनच दिवस बोलतो.

मुद्दा दोन. मर्झिया.
त्याच देशाची. फार्मसीचं तिसरं वर्ष.
वकिलात बंद, पासपोर्ट संपलेला,
आणि घर म्हणताना ती तळहाताने
हवेत काहीतरी सपाट करून दाखवते.
विडी घरकुलात यल्लव्वा म्याकलकडे राहते,
रात्री तिला कट्टे बांधू लागते.
आयुक्तालयाच्या फॉर्मात तिला एकच शब्द आहे, परदेशी.
शरणार्थी असा रकाना नाही.
मी कागद उलटा करूनही पाहिला.

पत्र फिरत फिरत दिल्लीला पोचलं
आणि दिल्लीहून निर्यात संघाचे सोंधीसाहेब आले,
माझ्याच दुकानात, घाम पुसत.
रामुलूंनी नमुना पुढे केला.
साहेब म्हणाले, एक नंबर जाईल.
कापडाला सूट मिळते, आमचे लोक बोलतायत.
पण दोन काढा.
एका कागदावर दोन विनवण्या म्हणजे एकही नाही.

यल्लव्वा आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मग सगळ्यांना कळेल असं:
"टॉवेल तिकडं जाऊ लागले
की म्हणतील, बघा, तिकडं सगळं ठीक आहे.
मग पोरीला पण पाठवतील. त्याच गाडीत."

पंखा फिरत होता.
रामुलूंनी टॉवेलाची घडी घातली,
मोडली,
पुन्हा घातली.
"काढा," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

सात महिन्यांनी राजपत्रात अर्धी ओळ आली:
टेरी टॉवेल व तत्सम वस्तू.
पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.
आता भिंतीपलीकडे माग सहा दिवस खडखडतो
आणि त्याचा मला राग येत नाही, खोटं कशाला बोलू,
त्यांची माणसंही जेवतातच की.

काल रामुलू एकटेच आले. काखेत काही नव्हतं.
मर्झियाला नोटीस आलीय, शुक्रवारी हजर व्हायचं.
नोटिशीत लिहिलंय, त्या देशाशी व्यवहार सुरळीत झाल्याने.
"तो परिच्छेद," ते म्हणाले, "पुसला होता का?"

पुसला नव्हता.
कापून लग्नपत्रिकांच्या फोल्डरात ठेवला होता,
का, ते विचारू नका.

घाईत उघडलं ते पत्रिकेचंच पान.
वर 'आमचे येथे श्रीकृपेकरून',
खाली 'अगत्य येण्याचे करावे',
मध्ये मर्झिया.
वरचं काढलं.
खालच्यावर बोट ठेवून थांबलो.
मंत्रालयाच्या नमुन्यात असली ओळ बसत नाही.

रामुलूंनी चष्मा लावला, ओठ हलवत दोनदा वाचलं.
पहिली सही मी करतो, म्हणाले,
आणि हे राहू द्या.
प्रूफ आधी यल्लव्वाला दाखवू.