टाकी ते टाकी

वही सोसायटीच्या पाणीबिलांची, मागची पानं कोरी.
तिथे लिहितो: तारीख, किलोमीटर, लिटर.
भागाकार हातानं.
तेरा पूर्णांक दोन.

चेंबूरचा तोच पंप, दुसरंच नोझल,
कारण पहिल्याखालची फरशी उताराची,
आणि टाकी तिरकी भरली की हिशोब तिरका.
सुलक्षणा आता ओळखते. खटका पडला की हात काढते,
"काका, थेंबसुद्धा वर नाही,"
मागे टॅक्सीवाला हॉर्नवर तळहात ठेवून.

हवा तेहतीस, सकाळी, टायर थंड असताना.
एअर फिल्टर कठड्यावर आपटला
तर माहुलच्या बाजूची अख्खी धूळ निघाली,
वासावरून ओळखली.
टपावरचा कॅरियर उतरवला.
गुहागरला जाताना लावला होता, दोन हजार नऊ साली,
तेव्हापासून नुसता वारा वाहत होता.

तेरा पूर्णांक नऊ.

मग सिग्नलला इंजिन बंद.
अमर महालला एकशे ऐंशी सेकंद.
पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा
डॅशबोर्डची खरखर, काचेची थरथर, सगळंच थांबलं,
आणि विभावरी दचकून म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हटलं, डिझेल.
मग एकशे ऐंशी सेकंद
तिच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोललो.
वीस वर्षं या गाडीत आम्ही ओरडूनच बोलत होतो,
हे दोघांच्याही लक्षात आलं. कुणी बोललं नाही.

कालिन्याचा बावतिस पंपाला हात लावत नाही.
इंजेक्टर नंतर, म्हणतो.
मागचं डावं चाक जॅकवर घेतो,
गरकन फिरवतो.
अर्ध्या फेरीत चाक उभं.
"ब्रेक सोडतच नाय तू, साब. किती वर्षं?"
ड्रममध्ये तुटकी स्प्रिंग, मूठभर काळी पूड.
पाचशे रुपये. चहा त्याचाच.

पंधरा पूर्णांक चार!
लाल पेनानं चौकट केली.
विभावरीनं चष्मा लावून पूर्ण रकाना वाचला,
तोंडी गुणाकार केला,
"महिन्याला पाचशे ऐंशी वाचले.
आणि मार्चमध्ये हिची वीस वर्षं भरतात.
पुढचं पासिंग होईलसं वाटत नाही.
म्हणजे चार महिने.
दोन हजार तीनशे वीस."
वही मिटून तिनं फ्रिजवर ठेवली,
बिलांच्या बाजूने वर.

मी काय बोलणार.
दुसऱ्या दिवशी परत हवा तपासली. तेहतीस.
बोगद्यानंतरच्या उतारावर पाय उचलला,
गिअर तसाच ठेवून.
त्या उतारावर ती काहीच पीत नाही,
आपल्याच वजनानं जाते.

अमर महाल आला.
लाल लागायच्या आधीच
विभावरी पर्स मांडीवरून खाली ठेवते,
माझ्याकडे वळते,
म्हणते, बंद कर ना.