दर गुरुवारी दहा मिनिटं

मामंजींची सगळी नोकरी दीपनगरला गेली.
दोनशे दहा मेगावॅटच्या टर्बाइनपाशी
एकतीस वर्षं कानात कापूस घालून उभे राहिले,
आणि आता भुसावळात, मागच्या अंगणात,
पत्र्याच्या छपराखाली
अडीच केव्हीएचं लाल जनरेटर
त्यांच्या पुढ्यात बसलेलं असतं
पाळलेल्या बोकडासारखं.

गच्चीवरून पॉवर हाउसची धुराडी अजून दिसतात.
लाइट गेली की मामंजी आधी तिकडे बघतात,
मग घड्याळाकडे,
मग माझ्याकडे.

गुरुवारी सकाळी नऊला, लाइट असो नसो, दहा मिनिटं.
आधी तेल. पट्टी काढायची, पुसायची,
परत बुडवायची आणि मग बघायची.
"पहिल्यांदा पट्टी खोटं बोलते."
स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा,
पिळायचा नाही, दाबायचा,
सावलीत वाळवायचा.
वैशाखात इथे सावलीलाही चटका असतो,
चहा होईस्तोवर खडखडीत.
मग प्लग. त्याची काजळी त्यांना दाखवायची.
तपकिरी असली तर मान हलते.
काळी असली तर माझं काहीतरी चुकलंय.

एकदा सायलेन्सरच्या तोंडात
कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं.
तार घालणार इतक्यात म्हणाले, थांब,
आणि पेचकसाच्या टोकानं ते अख्खं सोडवून
पेरूच्या बेचक्यात नेऊन ठेवलं.
जगलं की नाही, कोणी पाहिलं नाही.

हे सगळं ते स्वतः करायचे.
दोन वर्षांपासून हात थरथरतो,
नट हातात धरला की आट्यांवर बसत नाही.
ह्यांची नोकरी वापीला. मग उरले मी.
पहिल्या दिवशी दोरी ओढताना
खांद्यातून कळ आली, मशीन नुसतं खाकरलं.
ते खाटेवरून पारोळ्याकडच्या बोलीत म्हणाले,
"आते तू वढ. मी देखस."

एकाच गोष्टीवर ते चिडतात.
आधी मेन खाली. मगच जनरेटरचा खटका वर.
उलट कधीच नाही, घाईत नाही, अंधारात नाही,
पोरगं रडत असलं तरी नाही.
"आपली वीज उलटी लाइनीत जाते, वैजयंता.
वर खांबावर कोणीतरी चढलेला असतो."
कोण चढला होता, कुठल्या साली,
ते मी एकदा विचारलं.
त्यांनी पाना पुसायला घेतला.
तो आधीच पुसलेला होता.

परवा रात्री पावणेदोनला गेली.
कूलर थांबला, खस गरम वास सोडू लागली,
पिंट्या घामानं उठून बसला.
मेन खाली. टॉर्च दातात. पेट्रोलचा कॉक, चोक,
तिसऱ्या ओढीला धरलं.
खटका वर.
शेजारच्या भंगाळे काकू भिंतीवरून मोबाइल घेऊन हजर,
फक्त वीस टक्के, म्हणाल्या.

अंगणातल्या खाटेवर मामंजी डोळे मिटूनच होते.
"धापा टाकतंय. चोक अर्धाच उघडलास."
उघडला. आवाज सपाट झाला.
ते कुशीवर वळले.

साडेतीनला लाइट आली.
लोड काढला, कॉक बंद केला.
कॉक बंद केल्यावर मशीन लगेच थांबत नाही,
कार्ब्युरेटरात उरलेलं पिऊन घेतं.
मी मोजत उभी राहिले.
एक्याऐंशी, ब्याऐंशी,
मध्येच दचकून जोर धरला,
मग परत सुरळीत,
एकशे चार.

टिकटिक करत गार होत होतं.
मामंजींचा श्वास ऐकू येतोय का पाहिलं.
येत होता.

सकाळी त्यांचं जुनं हजेरी रजिस्टर उघडलं.
वेळ, तेल, पेट्रोल, धूर : सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात,
मला न विचारता, पहाटेच कधीतरी भरलेलं.
शेवटच्या रकान्यात, जिथे ऑपरेटरची सही लागते,
पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती,
बँकेत मारतात तशी,
इथे सही कर म्हणून.