व इतर

सकाळी साडेनऊला चिंचपोकळीच्या पुलाखाली
अकरा प्राध्यापक जमले.
टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कोऱ्या वह्या.
विद्यापीठाने कळवलं होतं,
परिसराचा इतिहास शिकवायचा तर आधी चालून बघा,
कोणाला आत घेतलं, कोणाला दारात थांबवलं.
वाट दाखवायला मी.
एकतीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट,
आणि जन्म इथला, म्हणून.

गिरणी आता नाही. काच आहे,
काचेत आम्ही बाराजण, जरा लांबट.
मी हवेत हात करून खाती दाखवली.
हे रिंगखातं. इथे माझा बाप, लखू भागा गमरे.
त्याच्या वर साचाखातं, पगार जास्त.
तिथे आमच्यातलं कोणी नाही.
का, एका सरांनी विचारलं, जिना नव्हता?
जिना होता, सर.
पण धोट्याच्या भोकातून सूत काढायचं तोंडाने,
ओठ लावून, श्वास आत ओढून.
आमच्या ओठांनंतर त्यांचे ओठ.
एवढंच.

वह्या भराभर भरू लागल्या.
धुमाळ मॅडमचं पेन तेवढं थांबलं.
माझे आजोबा साच्यावर होते, त्या म्हणाल्या.
सुट्टीत आम्हा पोरांना आवाज काढून दाखवायचे,
धोट्याचा मुका म्हणायचे.
आम्ही परत परत मागायचो.
कोणी काही बोललं नाही.
दुधाचा टेम्पो हॉर्न देत अंगावरून गेला.
मी म्हटलं, चला, ऊन चढेल.

पुढे इस्टेट एजंटाचं दुकान लागलं.
फळ्यावर खडूने: वन बीएचके, फक्त शाकाहारी, फॅमिली.
सबनीस सरांनी वही मिटली,
हे आजचं झालं, आपला अभ्यास सत्तेचाळीसपर्यंत.
तेव्हा नव्या लागलेल्या लालरेमी मॅडम,
ऐझॉलच्या, सकाळपासून गप्प,
म्हणाल्या, मला चौदा घरांनी नाही म्हटलं.
पंधराव्याने पासपोर्ट मागितला.
सरांनी वही पुन्हा उघडली.
काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

दुपारी कॉलेजात चहा, अभिप्रायाचे फॉर्म.
मी सहज बोललो, एवढं लांब कशाला गेलो आपण,
आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेलं,
प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या फोटोपाशी.
एकोणीसशे एकाहत्तर.
बसलेले, डावीकडून: नावं, पदव्या.
उभे, डावीकडून: नावं.
आणि अगदी शेवटी, बारीक टायपात,
व इतर.

इतर सहाजण. पांढरे शर्ट, एकाला फोटो घाईत लागलाय,
डोळे अर्धे मिटलेले. तो माझा काका.
नाव काय त्यांचं?
सोनू भागा गमरे. घंटा द्यायचे.
धुमाळ मॅडमनी फ्रेम खिळ्यावरून काढली,
दोघांनी धरली, मागे पालीची वाळलेली अंडी.
पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीने नाव लिहिलं.
मग बोट सरकलं. आणि हे?
माहीत नाही.
हे?
नाही, मॅडम.
एकतीस वर्षं मी या भिंतीखालून जातोय,
रोज वर बघतोय,
आणि बघितला फक्त माझा काका.

फ्रेम अजून खालीच आहे, भिंतीला टेकून.
ऑफिसातला पोरगा काल हातोडी घेऊन आला,
लावू का म्हणाला.
थांब, म्हटलं.
पाच राहिलेत.