सतरावी नळी

जूनमध्ये पुंता आरेनासला उजाडतं सकाळी दहाला.
तोवर मी दिव्याच्या उजेडात वीसेक दंड बघितलेले असतात :
नर्सचे, डॉक्टरांचे, स्वयंपाकघरातल्यांचे,
आणि शवागार सांभाळणाऱ्या एलिसेओचा,
ज्याची शीर सापडता सापडत नाही.
'मूठ आवळ,' म्हणते मी, 'आणि बोलू नकोस.'
तो बोलतोच.

दर महिन्याला चमचाभर रक्त.
पिवळ्या बुचाची नळी, तिच्यावर नंबराचं लेबल.
नाव लिहायचं नाही.
मग ते थिजतं, गरगर फिरतं, वर फिकट पाणी येतं
आणि यंत्र त्या पाण्याला विचारतं :
लस आठवते का अजून?
फेब्रुवारीत टोचून घेतलेल्यांचे आकडे
एप्रिलमध्ये ताडमाड.
आता उतरत चाललेत,
पाहुणे वाढावेत आणि ताकात पाणी घालत जावं, तसे.

उबेर्लिंदा ग्वेन्तेओ अतिदक्षता विभागाची लादी पुसते.
चिलोए बेटावरची, हिशेबाला पक्की.
'मग मी किती सुरक्षित?'
मी टक्के सांगते.
ती स्वतःकडे वरपासून खालपर्यंत बघते.
'म्हणजे माझा कुठला भाग उरला उघडा?
गुडघे असतील तर खुशाल ने म्हणावं,
तसेही कामाचे नाहीत.'

सांगता आलं असतं :
टक्का एका माणसाचा नसतो, उबेर्लिंदा,
तो सगळ्या इस्पितळाचा मिळून असतो,
पगाराच्या सरासरीसारखा,
जिच्यात तुझा पगार कुठेच दिसत नाही.
सांगितलं नाही.
कापूस दाबून धरला.

या गावात वसंतात वारा सुटला
की चौकात दोर बांधतात, खांबापासून खांबापर्यंत.
माणसं तो धरून रस्ता ओलांडतात.
दोरामुळे वारा कमी होत नाही.
टोपी जाते. छत्री तर इथे कुणी बाळगतच नाही.
कधी माणूसही आपटतो, दोर मुठीत असून,
पण भिंतीवर जाऊन नव्हे;
तिथेच, गुडघ्यांवर,
आणि उठतो शिव्या देत.

जुलैत उबेर्लिंदाला कोरोना झालाच.
तीन दिवस ताप. मग फोनवर खोकत म्हणाली,
शेजारीण मासे करपवतेय आणि मला वास येत नाही,
तुझ्या लशीची एवढीच काय ती कृपा.
बाराव्या दिवशी बादली घेऊन हजर.

सतरावी नळी मात्र दर महिन्याला कोरी राहते.
यादी जानेवारीतली, लस यायच्या आधीची.
सतरा नंबर येर्को मिमिका, रुग्णवाहिकेचा चालक.
त्याची एकच नळी भरली, पहिली.
नळी भरताना तो छताकडे बघत होता;
एवढा आडदांड माणूस, सुईला भ्यायचा.
खोकी विमानातून उतरली त्याच्या अकरा दिवस आधी
तो आमच्याच तिसऱ्या मजल्यावर होता, पालथा,
जिथे इतकी माणसं त्याने स्वतः आणून पोचवली
त्याच खाटांपैकी एकीवर.
संगणकाला कुणी कळवलं नाही.
तो लेबलं छापतो, एक ते चाळीस.
मी सतरावं सोलते
आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावते.
सात झालीत.

लस किती राखते, या प्रश्नाला
वर एक आकडा लागतो, खाली एक आकडा लागतो.
येर्को दोन्हींत नाही.
अहवालात त्याच्यासाठी शब्द आहे, 'वगळलेले',
आणि तो बरोबरच आहे, मी स्वतः तपासला.
तरी बेरजेला बसले
की आधी तोच मांडते, पेन्सिलीने,
मग खोडते.

सप्टेंबर. तिसरा डोस.
खाली चौकात माणसं दोर ताणतायत,
त्यांचं ओरडणं वाऱ्याने अर्धंच वर येतं.
उबेर्लिंदा बाही वर करते, थांबते, खाली ओढते,
दुसरी वर करते.
'उजव्यात नको.
या हाताने फडकं पिळायचंय.
तिसरा मजला अख्खा बाकी आहे.'